चाललंय म्हणजे किती?

माझा जन्म झाला त्या दिवशी आत्याने मला दहापैकी सात गुण दिले. नाक, वजन आणि रडण्याचा आवाज असं सगळं धरून सात, आणि वर शेरा, 'वाढायला वाव आहे'. ही गोष्ट ती अजूनही चारचौघांत सांगते आणि वाव अजून तेवढाच शिल्लक आहे, हेही सांगते. मी आता बेचाळीस वर्षांची आहे.

तिच्या माघारी आम्ही तिला 'दहापैकी' म्हणतो. कशालाही गुण दिल्याशिवाय ती पुढे सरकतच नाही. चहाला सहा, दुसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईला आठ, सूनबाईच्या सासूला अडीच. माझ्या नवऱ्याला तिने लग्नाआधी साडेपाच दिले होते. मी ऐकलं नाही. पुढे त्याने तिच्या स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त करून दिला तेव्हा तो सहावर गेला आणि तिथून गेली चौदा वर्षं हललेला नाही. मला विचाराल तर तेवढे बरोबर आहेत, पण ते मी तिला कशाला सांगू.

हा नाद नोकरीच्या आधीपासूनचा, पण नोकरीमुळे तो वाढला की नादामुळे नोकरी लागली, हे सांगणं कठीण आहे. आत्या पालिकेच्या पाहणी विभागात होती. विभाग म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, तीन बायका, एक साहेब आणि झाकण हरवलेली एक किटली, जिच्यावर बशी ठेवलेली असे. जगात कुठे राहणं किती बरं, याची एकशेचाळीस शहरांची यादी दूरदेशीची एक संस्था दरवर्षी काढते. त्या संस्थेला पाणी, हवा, बसगाड्या, दवाखाने यांचे आकडे साहेब खुर्चीत बसूनच पाठवत. पण एक आकडा खुर्चीत बसून मिळत नाही, तो माणसांच्या तोंडून आणावा लागतो. 'एकंदरीत तुम्ही तुमच्या आयुष्याबाबत किती समाधानी आहात? शून्य ते दहा यांपैकी एक आकडा सांगा.' त्यासाठी जिने चढावे लागतात. आत्या बावीस वर्षं चढत होती.

आमचं शहर त्या यादीत एक्क्याण्णवावं. अकरा वर्षं तिथेच आसपास मुक्काम. मध्ये एकदा एकोणनव्वदावर गेलं तेव्हा महापौरांनी चौकात भलामोठा फलक लावला. पुढच्या वर्षी त्र्याण्णवावर घसरलं, पण फलक उतरवायला कुणाला सवड झाली नाही. त्यामुळे बरेच दिवस आम्ही चुकीच्या नंबराखालून ये-जा करत होतो, आणि खरं सांगायचं तर काही फरक जाणवला नाही.

अडचण अशी होती की आपल्या माणसांना 'कसं काय' विचारलं तर ती आकडा सांगत नाहीत. आत्याने सुरुवातीला जीव तोडून प्रयत्न केला. आकडा सांगा म्हटलं की लोक बिचकायचे. एकाने चपलेचा नंबर सांगितला. एका बाईने आधी शेजारणीने किती सांगितलाय ते विचारून घेतलं आणि त्यापेक्षा एक जास्त लिहायला लावला. एक आजोबा म्हणाले, दहा सांगितले तर तुम्ही पाणी कमी सोडाल. बाकी सगळी जनता शब्दांत बोलायची, आणि संस्थेच्या कागदावर शब्दाला जागा नव्हती, फक्त अकरा चौकोन होते.

शेवटी आत्याने वहीच्या मागच्या पानावर तक्ता केला. 'मजेत' म्हणजे नऊ. 'छान' म्हणजे आठ. 'एकदम उत्तम' म्हणजे मात्र सातच, कारण एवढं जोरात बोलणारा काहीतरी लपवत असतो. 'बरं आहे' सहा. 'चाललंय' पाच. 'चाललंय आपलं' चार, कारण त्या 'आपलं'मध्ये एक उसासा असतो. 'ढकलतोय' तीन. 'काय सांगायचं' दोन. 'तुम्हीच बघा' म्हणजे एक, आणि तिथे बसायला जागा शोधायची, कारण पुढचा तास गेला. 'का हो, काही झालंय का?' असं उलट विचारणाऱ्याला आठ, कारण आपण दार वाजवेपर्यंत तो सुखात होता. साहेबांना तक्ता इतका पटला की त्यांनी त्याच्या प्रती काढून बाकी दोघींना दिल्या. तेव्हापासून या शहराचं सगळं सुखदुःख माझ्या आत्याच्या अक्षरात होतं.

दहातली सात माणसं म्हणायची, चाललंय. त्या प्रत्येकाला बावीस वर्षं पाच पडत आले. मी दाताच्या दवाखान्यात नंबर पुकारायला बसते. गाल सुजून टोपीएवढा झालेला माणूसही 'कसं काय' म्हटलं की आधी 'चाललंय' म्हणतो आणि मग आत जाऊन किंचाळतो. तेव्हा या शब्दाबद्दल मला पहिल्यापासून शंका होती. मी एकदा तसं म्हटलंही, तर आत्याने माझ्या शंकेला चार गुण दिले.

शंका आणखी एकीला होती. खोलीतल्या तिसऱ्या बाई. त्यांना सगळे चौकोनबाई म्हणत, कारण त्यांची खूण कधी चौकोनाबाहेर जात नसे. त्यांनी आत्याच्या तक्त्याची प्रत घेतली, दुमडली आणि खुर्चीच्या डगमगणाऱ्या पायाखाली ठेवली. संस्थेने आकडा मागितलाय, मी आकडाच आणीन, असं त्यांचं म्हणणं. त्या एकेका दारात पाऊण-पाऊण तास उभ्या राहायच्या. आत्या दिवसाला बारा घरं करायची, चौकोनबाई तीन. आत्या त्यांच्याशी वर्षातले दहा महिने बोलत नसे.

आता आतोबांकडे वळते. आतोबा लिफ्टचे मिस्त्री. चाळीस वर्षं या शहरातल्या लिफ्ट त्यांनी चालत्या ठेवल्या आणि राहिले मात्र लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. त्याच इमारतीत तळमजल्यावर मी राहते, त्यामुळे आत्याच्या सगळ्या पिशव्या आधी माझ्या दारात टेकतात आणि मग वर जातात. आतोबा बोलायला फार काटकसरी. तरुणपणी कामावरून आले की आत्या विचारायची, कसा गेला दिवस? ते म्हणायचे, चाललंय. जेवण कसं झालंय? चाललंय. लेक झाली तेव्हा दवाखान्यात तिला हातात घेऊन ते बराच वेळ बघत राहिले, आणि आत्याने 'कशी आहे?' म्हणून विचारल्यावर म्हणाले, चाललंय की. आत्या ते अजून विसरलेली नाही. स्वतःच्या तक्त्याप्रमाणे तिने लेकीला, जेवणाला आणि संसाराला नवऱ्याकडून पाच गुण मिळाल्याचं मनात धरून ठेवलं होतं.

मागच्या वर्षी आतोबा निवृत्त झाले. दुपारी खिडकीत बसायला लागले. समोरच्या उंच इमारतीच्या जिन्याला काचा आहेत, तिथल्या लिफ्टचा दिवा वरखाली होताना आमच्याकडून दिसतो. आतोबा तो दिवा बघत बसायचे. आत्या पाठीमागून त्यांच्याकडे बघायची आणि मग चार जिने उतरून माझ्याकडे यायची. माणूस खचलाय, ती मला म्हणायची. पाचाचा साडेचार झालाय.

त्यातच लेकीचा प्रस्ताव आला. माझी ही आतेबहीण, माझ्याहून लहान असूनही मी तिला ताईच म्हणते, सात वर्षांपूर्वी नोकरीसाठी परदेशात गेली. ती राहते ते शहर यादीत चौथं. जगात चौथं! आत्या ते असं सांगते, जणू ते शहर तिनेच वाढवलंय. ताई रोज संध्याकाळी फोन करते आणि तासभर बोलते. तिथे बस मिनिटाला मिनिट येते, बागेत बाक रिकामे असतात, जिन्यात कुणी कुणाला अडवून गप्पा मारत नाही. आत्या ऐकत राहायची. शेवटी विचारायची, आणि तू कशी आहेस? ताई म्हणायची, चाललंय. मग दोघी फोन ठेवायच्या.

तर ताईच्या खालचं घर रिकामं होत होतं. तिने सांगितलं, तुम्ही दोघं कायमचे इकडे या, इथे लिफ्टपण आहे. घरमालकाला रविवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. आत्याच्या नोकरीचे दोनच महिने उरले होते आणि बावीस वर्षांची रजा साठली होती, म्हणजे तिची काही अडचण नव्हती. तिने आतोबांना विचारलं, जायचं का? आतोबा म्हणाले, बघू. 'बघू' हा शब्द तक्त्यात नव्हता.

सोमवारी ती माझ्याकडे खाली आली आणि खुर्चीत बसून तिने निकाल लावून टाकला. आतोबा इथे समाधानी नसतील तर त्यांना इथे ठेवण्यात काय अर्थ? सहाच्या खाली असतील तर जायचं. सहा किंवा त्याच्या वर असतील तर राहायचं. मी म्हटलं, अगं, मग सरळ विचार ना त्यांना. आत्या माझ्याकडे अशी बघायला लागली की माझे सात गुणही त्या वेळी धोक्यात आले असावेत.

"पस्तीस वर्षं विचारतेय," ती म्हणाली. "चाललंय म्हणतो."

आणि मंगळवारी तिच्या कचेरीत नव्या घरांची यादी आली. ही घरं संस्थाच निवडते, डोळे मिटून, कुठलीही. आत्याने यादीवरून बोट फिरवलं आणि ते बेचाळिसाव्या ओळीवर थांबलं. आमची इमारत, चौथा मजला, डावीकडचं दार. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिचं स्वतःचं घर निघालं होतं, आणि उत्तर द्यायचं होतं घरातल्या वयाने सगळ्यात मोठ्या माणसाने.

नियम असा की आपल्या घरची पाहणी आपण करायची नाही आणि ती चालू असताना खोलीत थांबायचंही नाही. आत्याने साहेबांना सांगून ते घर चौकोनबाईंकडे देववलं. साहेबांना आश्चर्य वाटलं. बोलणं नसलेले दहा महिने तेव्हा चालूच होते. पण आत्याला आकडा हवा होता, आणि आतोबांच्या तोंडून आकडा काढेल अशी बाई या शहरात एकच होती. आत्या स्वतः त्यांच्या टेबलाशी गेली, किटलीतला चहा त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, शनिवारी चार वाजता. चौकोनबाईंनी वही काढली आणि ते चौकोनात लिहून घेतलं.

शनिवारी चारला पाच कमी असताना आत्या नियमाप्रमाणे घराबाहेर पडली आणि माझ्याकडे आली. चार वाजता चौकोनबाई आमच्या दारावरून वर गेल्या, प्रत्येक मजल्यावर एकदा थांबून. चार वाजून सात मिनिटांनी आत्या उठली. नियमात खोली म्हटलंय, ती म्हणाली, जिना म्हटलेलं नाही. मी तिच्या मागून गेले, कारण तिला एकटीला सोडायचं नव्हतं, आणि कारण मलाही ऐकायचं होतं. वरच्या दाराची कडी कित्येक वर्षं नीट लागत नव्हती. आतोबा हजार दारं उघडझाप करणारा माणूस, पण स्वतःच्या दाराची कडी तेवढी राहून गेली होती. दार बोटभर उघडं होतं. आम्ही अर्धा जिना खाली, कठड्याला धरून उभ्या राहिलो. आत्याचे गुडघे कुरकुरत होते, मला ते ऐकू येत होते.

बोलणं चालू असलेल्या दोन महिन्यांत चौकोनबाई वीस वर्षं आत्याकडे येतायत, आतोबांच्या हातचा चहा प्यायल्यायत. पण त्या दिवशी त्यांनी आतोबांना 'उत्तरदाते' म्हणायला सुरुवात केली. तसं पुस्तिकेत आहे. उत्तरदाते, घरापासून करमणुकीची सोय किती अंतरावर? आतोबा म्हणाले, खिडकीत. समोरची लिफ्ट. चौकोनबाईंनी विचारलं, लिफ्टमध्ये करमणूक काय? मग मी जन्मात ऐकला नव्हता एवढा लांब खुलासा आतोबांनी केला. ती लिफ्ट त्यांनीच बसवली होती, एकतीस वर्षांपूर्वी. सहाव्या मजल्यावर ती किंचित दबकते, ते फक्त त्यांना दिसतं. दुपारी तीनला आठव्यावरच्या बाई खाली येतात, साडेतीनला परत जातात. एकतीस वर्षांत ती एकदाही अडकलेली नाही. हे सांगताना त्यांचा आवाज इतका खुशीत होता की आत्याने माझं मनगट धरलं.

रात्री बाहेर एकटं फिरताना सुरक्षित वाटतं का? आतोबा म्हणाले, चार जिने उतरून परत चढायचे, एवढ्यासाठी कोण जातंय? आमच्याकडे चोरसुद्धा दुसऱ्या मजल्यावरून परत जातो. घरात आवाजाचा काही त्रास? आतोबा म्हणाले, बायको गुण मोठ्याने देते. चौकोनबाईंनी विचारलं, त्रास लिहू का? नको, ते म्हणाले, कमी ऐकू आलं तर काळजी वाटेल.

मग कागद उलटल्याचा आवाज आला. चौकोनबाईंनी घसा साफ केला आणि तो प्रश्न विचारला. एकंदरीत, शून्य ते दहा.

"चाललंय," आतोबा म्हणाले.

आत्याने डोळे मिटले. आतून चौकोनबाईंचा आवाज आला, आकडा सांगा. आतोबा म्हणाले, सांगितला की. चौकोनबाई म्हणाल्या, हा शब्द झाला, मला आकडा लागतो, मी थांबते. आणि त्या थांबल्या. थांबण्यात त्यांचा हात कुणी धरत नाही. समोरच्या लिफ्टच्या दोन फेऱ्या होतील एवढा वेळ गेला.

"चाललंय म्हणजे दहा," आतोबा म्हणाले. "दुसरा कुठला असणार?"

"बाकीचे पाच धरतात."

"कोण धरतं?"

चौकोनबाईंनी आत्याचं नाव सांगितलं नाही. त्याबद्दल मी त्यांना तेव्हाच मनातल्या मनात नऊ गुण देऊन टाकले. आतोबाच पुढे बोलले, आणि ते मी जसंच्या तसं सांगते, कारण असं ते पुन्हा बोलतील याची खात्री नाही.

"चाळीस वर्षं हेच काम केलं. लिफ्ट एक तर चालते, नाही तर बंद असते. पाच म्हणजे काय, अर्धी चालते? अर्धी चाललेली लिफ्ट मधेच अडकते, आतली माणसं ओरडतात. आमच्याकडे वहीत दोनच शेरे. बंद किंवा चाललंय. बंद असलं की मला हाक यायची. चाललंय म्हणजे कुणी हाक मारत नाही, माणूस वर जायचा तो वर जातो, खाली यायचा तो खाली येतो. यापेक्षा आणखी काय पाहिजे असतं? दहा लिहा. आणि एक लिहायला जागा असेल तर लिहा, आत उभ्या असलेल्या माणसाला वाटतं आपण आपले वर चाललोय. त्याला पलीकडच्या टोकाचं वजन दिसत नाही. ते खाली उतरतं म्हणून हा वर जातो. वजन नसेल तर मोटर नुसती धापा टाकते. माझं ते वजन बाहेर जिन्यात उभं आहे मघापासून. तिला आत यायला सांगा, गुडघे दुखतील."

आत्या रडायला लागली. पण तिला वजन म्हटल्याचं सहनही होईना, त्यामुळे रडत रडतच ती उरलेला जिना चढली आणि दार ढकलून म्हणाली, "वजन कुणाला म्हणता हो?" आतोबा उठले आणि त्यांनी तिला खिडकीजवळची आपली खुर्ची दिली. चौकोनबाईंनी दहाच्या चौकोनात खूण केली, बरोबर मधोमध, आणि पुस्तिकेत तशी सूचना नसतानाही चौघांसाठी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेल्या.

मला वाटलं, संपलं. दहा पडले, सहाच्या वर, म्हणजे राहायचं. आत्याच्या पिशव्या माझ्या दारात टेकतच राहणार म्हणून मी आतल्या आत खूश झाले होते. आत्या मात्र खुर्चीत बसून वहीचं मागचं पान बघत होती. तिने 'चाललंय'पुढचा पाचाचा आकडा खोडला आणि तिथे काय लिहावं ते तिला सुचेना. बावीस वर्षं, ती म्हणाली, दिवसाला बारा घरं. कोण दहा होतं आणि कोण दोन, मला काय ठाऊक? मी सगळ्यांना पाच देऊन पुढच्या दारात गेले. एवढी ओशाळलेली आत्या मी पहिल्यांदा पाहिली, आणि मला फार वाईट वाटलं. तिला चिडवायचे सगळे शब्द मी गिळून टाकले.

साडेपाचला रोजच्याप्रमाणे ताईचा फोन आला. आत्याने तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. ताई म्हणाली, काय ठरलं? उद्या रविवार. आत्या सांगणार होती, आम्ही येत नाही, बाबांचे इथे दहा आहेत. तोंड उघडलंही होतं. पण आधी सवयीने विचारलं, तू कशी आहेस?

"चाललंय."

आत्याने आतोबांकडे पाहिलं. मग वहीकडे पाहिलं.

"चाललंय म्हणजे किती?" ती म्हणाली.

चौकोनबाई कपबशी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवून आम्हा सगळ्यांना गप्प राहायची खूण केली. थांबायचं कसं, हे त्यांना ठाऊक होतं. आणि आत्या, जिला बारा घरं गाठायची घाई असायची, ती थांबली.

"चार, आई," ताई म्हणाली. इथे सगळं वेळेवर येतं, ती म्हणाली, फक्त माझ्याकडे कुणी येत नाही. शनिवारपासून सोमवारपर्यंत दुकानदाराशी बोलते तेवढंच. खालचं घर रिकामं झालं तेव्हा मला वाटलं, नंबराचं सांगितलं तर तू तरी येशील.

चौथ्या नंबरच्या शहरात आमच्या ताईला चार गुण पडले होते, आणि सात वर्षं ते आम्हाला कुणाला दिसले नव्हते. माझ्या डोक्यात त्या वेळी काहीही विनोद आला नाही.

आतोबा उठले. आम्हाला वाटलं पाणी आणायला गेले. ते माळ्यावरून काहीतरी ओढत होते. परत आले तेव्हा त्यांच्या हातात कामावरची जुनी पेटी होती, निवृत्त झाल्यापासून न उघडलेली. ती त्यांनी दाराशी ठेवली आणि फोनकडे वाकून म्हणाले, आम्ही येतोय. आत्या म्हणाली, अहो, पण तुमचे दहा? आतोबांनी तिच्याकडे नवल वाटून पाहिलं.

"माझं चाललंय म्हणून तर मोकळा आहे," ते म्हणाले. "हाक आलीय. जायला नको?"

किती दिवसांसाठी, असं ताईने विचारलं. आतोबांनी चाळीस वर्षं प्रत्येक इमारतीत दिलेलं उत्तर दिलं, उघडून बघितल्याशिवाय सांगता येत नाही. खालचं घर घ्यायचं की नाही ते नंतर, आधी तुझ्याकडेच उतरतो. एवढ्या वजनाची पेटी विमानात नेता येणार नाही हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, मग पाना तरी खिशात राहू दे. तोही विमानतळावर काढून घेतला, पण निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतःच्या दाराची कडी दुरुस्त केली. आता ते दार बोटभरही उघडं राहत नाही, आणि त्याची किल्ली माझ्याकडे असते.

जाण्यापूर्वी आत्याने साहेबांना पत्र दिलं की तक्ता रद्द करावा आणि 'चाललंय' म्हणणाऱ्या प्रत्येकाला पुढे 'म्हणजे किती' असं विचारून थांबावं. साहेब म्हणाले, एवढा वेळ कुणाला आहे? पण चौकोनबाई त्यांच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या आणि थांबल्या, तेव्हा त्यांनी सही केली. त्या वर्षी निम्मीच घरं झाली. 'चाललंय'वाल्यांतून कितीतरी आठ निघाले, नऊ निघाले. काही दोनही निघाले, आणि त्या दारांत चौकोनबाईंना फार वेळ बसावं लागलं. यादी आली तेव्हा आमचं शहर एक्क्याण्णवावरून चौसष्टावर गेलं होतं. वर्तमानपत्राने त्याचं श्रेय नदीकाठच्या नव्या बाकांना दिलं. महापौरांनी जुन्याच फलकावर नवा नंबर चिकटवला आणि खाली बाकांचा फोटो लावला.

मी एक दिवसाआड चार जिने चढून वर जाते आणि आत्याच्या कुंड्यांना पाणी घालते. मग आतोबांच्या खुर्चीत बसते. समोरची लिफ्ट सहाव्या मजल्यावर खरंच दबकते, आता ते मलाही दिसतं. आत्या नसल्यामुळे या इमारतीत कुणाला कसलेच गुण पडत नाहीत. त्याने एवढी पोकळी वाटेल असं मला वाटलं नव्हतं. परवा माझ्या नवऱ्याने आपणहून विचारलं, अजून सहाच का गं मी?

काल मी तिथूनच तिकडे फोन लावला. आत्याने उचलला. ताईच्या जिन्यातल्या सगळ्या मजल्यांची ओळख झालीय, ती म्हणाली, तिसऱ्यावरच्या म्हातारीला आठ, पहिल्यावरच्या कुत्र्याला साडेनऊ, बसला दहा पण चालकाला चार, कारण हसत नाही. रोज सकाळी ती आणि आतोबा लिफ्टच्या दाराशी उभे राहतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून बोलतात. लोक आधी घाबरले, आता थांबतात. आतोबा कसे आहेत, मी विचारलं. चाललंय, ती म्हणाली, आणि हसली.

"आणि ताई?"

"तिलाच विचार."

फोन हातातून हातात गेला. मागे कुणाच्या तरी बोलण्याचा, भांड्यांचा आवाज येत होता. ताई कशी आहेस, मी म्हटलं, आणि ती काही बोलायच्या आत घाईने जोडलं, म्हणजे किती?

"सध्या सहावर आहे," ताई म्हणाली. "वर चाललंय."